चार मिलिमीटर सैल

बुधवार, तारीख तीन
दुपारी, मागच्या खोलीतून

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. खरंच पालथा पडून घातलाय असं समज, कारण पुढचं वाचल्यावर मी उभा दिसलो तर तू मला आडवा करशील.

मागच्या रविवारी व्हिडिओवर तू म्हणालास, "दाखव रे माझी राणी." मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेलो आणि चादरीखाली झाकलेली तुझी सायकल दाखवली. तू म्हणालास, "बघ, झाकलेली असली तरी ऐट लपत नाही."

मामा, ते इस्त्रीचं टेबल होतं.

हँडलच्या जागी छत्री आडवी बांधली होती आणि सीट म्हणजे उपडं पातेलं. तू त्या पातेल्याकडे बघून हळवा झालास तेव्हा मला फार वाईट वाटलं. हसू पण फार आलं, म्हणून तर फोन हलत होता. रेंज वगैरे काही गेली नव्हती.

फोनवर सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच वाक्याला ओरडायला लागला असतास. पत्राचा हा एक फायदा, माणसाला मध्येच ओरडता येत नाही. आत्ता ओरडत असशील तर ओरड, मला ऐकू येत नाहीये. शाळेत पत्रलेखनाला मला दहापैकी दोन मिळायचे, तेही पत्ता बरोबर लिहिला म्हणून, तेव्हा चुका पोटात घाल.

इकडे सगळं ठीक. बाबांची बस ठीक, बाबांचा आवाज ठीक. आई बरी आहे. आईचा या प्रकरणात काही संबंध नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

तुझा निरोप मिळाला. पंधरा तारखेला तू टेम्पो घेऊन येणार, सायकल नेणार आणि नव्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर भिंतीला टांगणार. सुताराकडून हूक करून घेतलास, वर पिवळा दिवा सोडणार आहेस, सगळं कळलं. छान दिसेल. फक्त आत्ता टांगलीस तर तुझी तुला ओळखू येणार नाही, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

झालं असं की माझी आणि ढापण्याची पैज लागली. ढापण्या म्हणजे तो चष्मेवाला, ज्याच्या टिफिनमध्ये मी एकदा बेडूक ठेवला होता. पाण्याच्या टाकीचा चढ सायकलवरून न उतरता चढून दाखवायचा. त्याच्याकडे नवी कोरी सायकल, माझ्याकडे काय? चादरीखाली राणी. एवढी शर्यतीची सायकल, तीही तुझी, तू आमच्याकडे ठेवून गेल्यापासून चादर पांघरून वर्षानुवर्षं झोपलेली. म्हटलं जरा पाय मोकळे करून आणू बिचारीचे.

मामा, ती चालवायचास तरी कशी तू? गिअरच्या दांड्या खाली तिरक्या नळीवर. म्हणजे गिअर बदलायचा तर एक हात सोडून खाली वाकायचं, चालता चालता चप्पल सारखी करावी तसं. मी वाकलो. वर बघतो तर न्हाव्याचं दुकान. थांबायला जागा नव्हती, मी सरळ बाहेर ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसलो, सायकल मांडीवर. न्हाव्यानं कात्री खाली न ठेवता विचारलं, "दाढी की कटिंग?"

सायकलला काही झालं नाही, शपथ. ती पोलादाची आहे, खुर्चीच वाकली. पण चढ काही झाला नाही. मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या एवढ्या बारीक की पायडल मारणं म्हणजे भिंत ढकलणं. वळणावर मी उतरलो, आणि ढापण्या वरून टाटा करत होता.

तेव्हाच डोक्यात किडा शिरला. सांगाडा जुनाच ठेवायचा, तो तर सोन्यासारखा आहे. सामान नवं बसवायचं.

नवं सामान आणायचं कुठून? तर आपल्या नाक्यावरचे दातांचे डॉक्टर. ते आपली महागडी सायकल गाडीच्या टपावर बांधून फिरायला गेले होते. परत आले, गाणं गुणगुणत गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये घातली. गाडी आत गेली. सायकल वर होती, ती नाही गेली. कडाड्! कार्बनची फ्रेम, मधूनच फुटली. मी तिथेच उभा होतो आणि खूप प्रयत्न करूनही गंभीर राहू शकलो नाही. डॉक्टर तुकड्यांकडे बघत म्हणाले, "याची कवळी नाही बसत रे." मग घड्याळात बघून म्हणाले, "तुझ्या काही उपयोगाचं असेल तर सगळं घेऊन जा. आमच्या घरातली पाचला येते, त्याआधी इथे एक नटसुद्धा दिसता कामा नये."

फ्रेम फुटली होती, पण बाकी सगळं शाबूत. ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत, हात न सोडता टिचकी मारली की गिअर पडतो. मागे अकरा चकत्या, त्यातली मोठी तर बशीएवढी. ती असली की चढावर पाय नुसते फिरत राहतात. चाकं हलकी, एका बोटावर उचल.

मी तुझी सायकल खोलायला घेतली. दुपारी, बाबा ड्युटीवर असताना. सगळं सुटलं, पण पायडलची धुरी जिथे फ्रेममध्ये बसते तिथली वाटी सुटेना. मोबाईलवरचा माणूस सांगत होता, उजवीकडची वाटी उलटी फिरते. मी उलटी फिरवली. पान्याला पाइप अडकवून, पाइपवर उभा राहून, नाचून. दोन दुपारी घाम गाळला. मग मला सांगण्यात आलं की, "अरे, ती आत चाललीय." तुझ्या सायकलचे आटे भलत्याच देशाचे आहेत, तिची उजवी वाटीही सरळच सुटते. मी दोन दिवस तिला मन लावून आवळत होतो.

हे मला कोणी सांगितलं ते महत्त्वाचं नाही.

मग आम्ही ती सोडवली. आम्ही म्हणजे मीच, आदरार्थी.

पुढची भानगड चाकाची. नवं मागचं चाक तुझ्या फ्रेममध्ये जाईना, चार मिलिमीटरनं रुंद. जुन्या सायकलींना मागे जागाच कमी असते. तेव्हा असं ठरलं की फ्रेम मागच्या बाजूनं जरा उसवून सैल करायची. म्हणजे पसरवायची. पोलाद आहे, हळूहळू ताण दिला की ते ऐकतं. मग दोन्ही बाजू सारख्या आल्यात का बघायला दोरा लावला आणि आईच्या गळ्यातल्या टेपनं मोजलं. म्हणजे खुंटीवरच्या टेपनं. टेप खुंटीवर होती.

थांबतो. चहा आला.

गुरुवार, दुपार

मामा, काल लिहिलेलं वाचून बघितलं. शेंबडं पोरगंसुद्धा ओळखेल. पाकीट अजून चिकटवलं नव्हतं ते बरं झालं.

आई आहे यात. नखशिखान्त आहे.

मी पाइपवर नाचत होतो तेव्हा ती दारात उभी होती. तोंडात दोन टाचण्या, गळ्यात टेप, हातात कुणाचा तरी अर्धा कुर्ता. मला वाटलं आता कानफटात बसणार. तुझी सायकल जमिनीवर सुटी सुटी पडलेली, जशी मासळीवालीनं साफ करून ठेवावी. ती बघत राहिली, टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "अरे, ती आत चाललीय." एवढंच. मग पदर खोचून खाली बसली आणि म्हणाली, "सरक."

तू तिला बघायला पाहिजे होतंस. मी फ्रेम एकीकडूनच ओढून ठेवली होती. तिनं मागच्या एका टोकाला शिलाईचा पांढरा दोरा बांधला, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणला, ताणला, आणि दोन्हीकडे सीटच्या नळीपासून दोरा किती लांब ते मोजलं. म्हणाली, "सगळं डावीकडेच सोडलंस. उजवी तशीच आहे. पाठ एकीकडे ओढली की ब्लाऊज फिरतो, तसं चाक फिरेल हे." मग डावीकडून थोडं आत घेतलं, उजवीकडून बाहेर सोडलं. परत दोरा, परत टेप. नवं चाक अलगद बसलं, बटण काजात जावं तसं.

मी म्हटलं, "आई, तुला सायकलमधलं कसं कळतं?"

"यात सायकलचं काय? फिटिंग आहे हे."

हँडलला नवी पट्टी तिनंच गुंडाळली. मी गुंडाळली होती ती तिनं सोडून टाकली.

सगळं जोडून झालं तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील, मागच्या बोळात चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, तू बस, मी मागून धरतो. बाबांच्या जुन्या ट्रॅकपँटला खाली पिना लावून ती बसली. मी मागे कॅरिअर धरायला धावलो, पण त्या सायकलला कॅरिअर नाही, आणि तोवर बोळात आईही नव्हती. ती कोपऱ्यावर पोचली होती. वळून आली, केस विस्कटलेले, आणि ब्रेक दाबून म्हणाली, "पंचवीस वर्षं मशीनचं पायडल मारतेय रे. पहिल्यांदा पुढे सरकले."

मग तिनं सांगितलं. आता बस मामा, उभ्यानं वाचू नकोस.

आजोबांनी ती सायकल तुला घेतली, कारण मुलगा तू. तुझी शिकवणी चार ते सहा, आणि तिथे तू चालत जायचास, कारण शिकवणीच्या दारातून सायकली चोरीला जातात असं तुला कोणीतरी सांगितलं होतं. कोणी सांगितलं असेल? चार ते सहा ती सायकल आईची. सीट खाली करायची, फिरून यायची, सीट परत वर करायची. पण कधी कधी घाईत ती पुरती वर व्हायची नाही. मग तू बसलास की गुडघे वर यायचे, आणि तू आजोबांना सांगायचास, "माझे पाय वाढलेत."

आजोबांना किती आनंद झाला म्हणे! त्यांनी तुला दाराच्या चौकटीला उभं करून खूण केली आणि तुझ्या दोन पँटी चांगल्या वीतभर लांब शिवून आणल्या. त्या तू दहावीपर्यंत दुमडून घातल्यास. त्या दुमडी आईच टाचायची. म्हणाली, "माझं शिवणकाम तिथूनच सुरू झालं." हे सांगताना ती एवढी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं.

मग थांबली, आणि चाकाचा एक आरा उगाच पुसत बसली. मी विचारलं, कुठे कुठे जायचीस? म्हणाली, "टाकीच्या चढाला. रोज त्या वळणावर उतरायला लागायचं. गिअर जड, आणि सहा वाजायला आलेले." एवढं म्हणून उठली, कुर्ता पुरा करायचा होता म्हणून.

मामा, तुला माहितीय ना, आई कधी काही मागत नाही. चप्पल तुटली तरी दोरा घालते. मी म्हटलं, "आता अकरा चकत्या आहेत. आणि सहा वाजले तरी कोणाचा बाप येणार आहे?" तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. पण नाही म्हणाली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी चाललंय. बाबा पहिल्या पाळीला गेले की आम्ही निघतो. बाबांना वाटतं ती शेजारच्या काकूंबरोबर चालायला जाते. परवा कहर झाला. मोठ्या रस्त्याला बाबांची बस थांब्यावर उभी, आणि ही हेल्मेट-गॉगल घालून बाजूनं सुसाट. बाबांनी खिडकीतून डोकं काढलं, "ओ बाई! रस्ता काय माहेरहून आणलाय का?" आईनं मान वळवली नाही. रात्री जेवताना बाबा तावातावानं सांगतायत, "आजकालच्या बायका! काय सायकल चालवतात! मला कट मारून गेली." आई आमटी वाढत म्हणाली, "असेल कुणीतरी घाईतली." मला ठसका लागला, तर वर बाबाच माझ्या पाठीवर थापा मारतायत.

चढ मात्र अजून जमला नाही. काल त्याच वळणावर तिचा पाय खाली टेकला. तशीच सायकल वळवली. घरी येऊन तिनं मशीन इतकं जोरात चालवलं की दोन सुया मोडल्या.

शनिवार

चढली!

आज सकाळी. मी ढापण्याची सायकल मागून आणली होती तिच्या सोबतीला. वळणावर मी उतरलो. ती नाही उतरली. त्या बशीएवढ्या चकतीवर चेन घालून, नाकासमोर बघत, हळू, इतकी हळू की एक कुत्रं तिच्या बाजूनं चालत चाललं होतं आणि तेच पुढे गेलं. पण पाय टेकला नाही. मी सायकल ढकलत, धापा टाकत वर पोचलो तर ती टाकीच्या पायरीवर बसली होती. तोंड लाल, ओठ सुकलेले. मला म्हणाली, "उतरलास ना?" आणि अशी हसली मामा, तुला काय सांगू, मला ती माझ्या वर्गातली वाटली.

मी लगेच बेत करायला लागलो. उद्या तळ्याकडे जाऊ, मग नदीच्या पुलाकडे, मग डोंगराच्या पलीकडे काय आहे ते बघू. ती ऐकत होती. मग उठली, हँडलवरची धूळ पुसली आणि विचारलं, "जुनं सामान कुठे ठेवलंयस?"

"का?"

"का म्हणजे? पंधराला मामा येतोय. त्याची त्याला जशीच्या तशी द्यायला नको?"

मी म्हटलं, "आई, तो भिंतीला टांगणार आहे. तिथे काय चालवायचीय? सांग ना त्याला."

"त्याच्या वस्तूचं तो काही करेल."

"तू मागून तर बघ."

तेव्हा ती जे म्हणाली ते तसंच्या तसं लिहितो. "लोकांचं कापड आपल्याकडे शिवायला येतं. शिवून झालं की परत द्यायचं, उरलेल्या चिंधीसकट. मी आजवर कुणाची चिंधी ठेवलेली नाही. चार दिवस मिळाली, चढ झाला, पुष्कळ झालं."

तुला हे माहिती असेलच, तिच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत कपड्याबरोबर उरलेल्या तुकड्यांची घडी असते. बाकीचे शिंपी त्याच्या पिशव्या शिवून विकतात. आईला ते जमत नाही.

आत्ता हे लिहितोय आणि ती पलीकडे बसून ते अकरा चकत्यांचं चाक काढतेय. तुझ्या बारीक चकत्या रॉकेलमध्ये घालून, दात घासायच्या ब्रशनं घासून ठेवल्यात, आरशासारख्या. संध्याकाळी दोरा लावून फ्रेम परत चार मिलिमीटर आत घेणार म्हणते. मी सांगितलं, पोलाद असं सारखं आत-बाहेर केलं की थकतं, एक दिवस चीर जाते. म्हणाली, "एकदा सहन करेल." गाणं वगैरे म्हणत नाहीये. एरवी काम करताना म्हणते.

तर मामा, माझं मागणं एवढंच. पंधराला ये. टेम्पो आणायचा तर आण. सायकल बघ, तिला नीट हात लाव, आणि मग आपल्याच डोक्यात आल्यासारखं, डोकं बिकं खाजवून म्हण, "ताई, माझ्याकडे ही भिंतीवर नुसती धूळ खाईल. तू चालवतेस का?" ती नाही म्हणेल. परत म्हण. ती परत नाही म्हणेल आणि चहा टाकायला आत जाईल. तेव्हा सोफ्यावर बसून राहू नकोस, तिच्या मागे आत जा आणि तिसऱ्यांदा म्हण. तिसऱ्यांदा ती गप्प बसते. गप्प बसली की झालं. नवं सामान मी धूळ लागू न देता पलंगाखाली ठेवतो, परत चढवायला मला एक दुपार पुरे, आता वाट्या कुठे फिरतात ते पाठ आहे.

आणि तुझं मनच होत नसेल, तर ने. खरंच ने, मी काही तोंड वाकडं करणार नाही. सायकल तुझी आहे आणि आत्ता ती तुला घेतली तेव्हापेक्षा चकचकीत आहे. मला इस्त्रीच्या टेबलाबद्दल काय शिव्या द्यायच्या त्या दे, चारचौघांत दे, मी मान खाली घालून उभा राहीन. हसणार नाही. प्रयत्न करीन.

पण हात जोडतो, पाय धरतो, हे पत्र आलं होतं हे कुणाला सांगू नकोस. बाबांना नको. मामीला तर अजिबात नको, मामीच्या पोटात बातमी बस थांब्यापर्यंतसुद्धा टिकत नाही. आणि आईला मेलास तरी नको. मी तुझ्याकडे तिच्यासाठी मागितली असं कळलं ना, तर ती त्या सायकलला पायही लावणार नाही. शिकवणीचं आणि पँटींचंही तुला काही माहिती नाही, तुझे पाय वाढलेच होते. तिनं इतकी वर्षं चोरून चालवली मामा. एकदा तरी तिला ती कुणीतरी न मागता दिलीय, असं तिला वाटू दे.

कुणाला म्हणजे कुणालाच नाही.

तुझा,
तू गाढव म्हणतोस तोच